खांदा कुणाचा?

बोला, जिनं आपला भार वाहिला तिच्या नावानं — चांगभलं! ... नाही, नाही. आवाज घशातून आला मंडळी, पोटातून नाही आला. पुन्हा एकदा — चांगभलं! हां! आता कसं!

आज एक गंमत करू. ही पुढची रांग — पाटील, सरपंच, गुरुजी — तुम्ही सगळे मांडी घालून बसलात. छान बसलात! आता जागेवरून उठायचं. पण हात टेकायचा नाही. गुडघा टेकायचा नाही. शेजाऱ्याचा खांदा धरायचा नाही. नुसतं उठायचं. उठा बघू!

... का हो पाटील? काय झालं? गेला ना हात सतरंजीवर? अहो, गेलाच! कुणी सांगितलं त्याला जायला? तुम्ही नाही सांगितलं. आपसूक गेला. गुरुजी तर बसूनच राहिले — हुशार माणूस! हसू नका, मागच्यांनो, तुमची पाळी यायची आहे. चाळिशीनंतर हा हात असा आपसूक जातो. त्यात लाज कसली? देहाचा धर्म आहे तो. बसा, बसा पाटील.

पण मी विचारतो ते ऐका. आजच्या आख्यानाचा प्रश्न एवढाच आहे — उठताना माणूस हात टेकतो, तो कशावर टेकतो? जमिनीवर? नक्की? बघितलंय कधी खाली, हात कशावर पडला ते?

पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. अजून खाली. हां. ऐका.

डोंगराच्या पोटाशी एक गाव. कडवाडी. गावाच्या डोक्यावर काळा कभिन्न कडा, आणि कड्याच्या तोंडाशी गावाची देवी — कडजाई. वर्षातून एकदा, चैत्रात, देवीची पालखी निघते. कुठं? तर कड्याला आडवी जाऊन पलीकडच्या झऱ्यावर. देवीला तिथं अंघोळ! आता म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, वाट कशी आहे ते ऐका ना! एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला — काहीच नाही. नुसती हवा. खाली बघायचं नाही, बघितलं तर खालचं जंगल वर आल्यासारखं वाटतं. एका माणसापुरती वाट. पालखीचा एक दांडा, पुढं एक खांदेकरी, मागं एक. बस! तिसऱ्याला जागाच नाही. आणि एकदा वाटेवर पाऊल पडलं की खांदा बदलता येत नाही, पालखी खाली ठेवता येत नाही.

त्या वाटेवर एका ठिकाणी वरून कातळ पुढं आलाय. तिथं दांडा खांद्यावर ठेवून उकिडवं व्हायचं, तसंच पुढं सरकायचं आणि पलीकडं हात न टेकता उठायचं. दोन्ही हात दांड्याला! पुढं एके जागी वाट तुटलीय. तिथं एका पायावर तोलून उभं राहायचं आणि दुसऱ्या पायानं पुढची पायरी चाचपायची, कारण पालखीच्या झालरीमुळं खालचं दिसत नाही. आणि शेवटी चढ. तिथं नुसती ताकद!

म्हणून त्या गावाची रीत अशी. खांदेकऱ्यानं चाळिशी ओलांडली की दरवर्षी पालखीआधी महिनाभर देवीसमोर कसोटी द्यायची. मांडी घालून बसून हात न टेकता उठायचं. मग हातावर पेटती समई घेऊन, डोळे मिटून, एका पायावर उभं राहायचं — बाहेर गुरवाची घंटा वाजतीय तोवर. मग गाभाऱ्यातला दगडी गोळा उचलून खांद्याला लावायचा. झालं.

पण खरी रीत पुढंच आहे! ही कसोटी घेणारं कुणी नाही! भर दुपारी, बाराच्या उन्हात, गुरव माणसाला आत सोडतो आणि दार लोटून घेतो. आत माणूस आणि देवी. साक्षीदार नाही, पंच नाही. आत जाताना खांद्यावरची लाल उशी — दांडा रुतू नये म्हणून घालतात ना, ती — बरोबर न्यायची. जमलं तर उशी खांद्यावर ठेवून बाहेर यायचं. नाही जमलं तर उशी उंबऱ्यावर ठेवायची आणि बाहेर यायचं. कुणी विचारत नाही, कुणी हसत नाही. उंबऱ्यावर उशी ठेवणाऱ्याला पालखीपुढं झाडू घेऊन चालायचा मान. वाटेवरचे खडे, पाला त्यानं झाडायचा. झाडणारा दोन्ही हात टेकत, बसत, रांगत गेला तरी चालतं.

बघा हो, जुन्या माणसांनी काय विश्वास टाकलाय! आज असं दार लोटून परीक्षा घेतली तर? ... मुलं कशाला हसताय रे? मी तुमच्या आईबापांबद्दल बोलतोय!

तर या कडवाडीत केरबा नावाचा पुढचा खांदेकरी. पुढचा! म्हणजे सगळा तोल त्याच्याच पायात. पन्नाशीला टेकलेला, पण छाती अशी, मिशी अशी, चालणं असं की चार पावलं पुढचा माणूस आपणहून बाजूला व्हावा. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. तरुणपणी गुऱ्हाळात उसाच्या चरकात गेलं होतं. तो ते अर्धं बोट नाचवत सांगायचा, "बोट चरकात गेलं, पण ऊस सोडला न्हाई मी!" असा गडी! बायको सुंदरा. नाकासमोर चालणारी, बोलणं कमी, काम फार. त्या घरात केरबाचा आवाज आणि सुंदराच्या बांगड्या, दोनच गोष्टी ऐकू यायच्या.

आदल्या वर्षी मागच्या खांद्याचा सिदू उंबऱ्यावर उशी ठेवून बाहेर आला होता. मुकाट्यानं झाडू घेतला. त्याच्या जागी त्याचाच पोरगा विलास मागच्या खांद्याला लागला. नुकतं लग्न झालेला, घरात पाळणा हलायला लागलेला पोरगा. केरबानं सिदूला वर्षभर सोडलं नाही. पारावर भेटला की, "काय सिदू, झाडू हलका हाय न्हवं?" सिदू हसायचा. तो हसायचा याचा केरबाला जास्त राग यायचा.

आणि यंदा? यंदा केरबाचा डावा गुडघा बोलायला लागला. सकाळी उठताना, बांध उतरताना. कुणाला सांगतो की काय! गोठ्यात जायचा, दार लावायचा, मांडी घालून बसायचा आणि उठून बघायचा. नाही! हात जायचाच. कधी दावणीच्या खुंटीवर, कधी म्हशीच्या पाठीवर. म्हैस मान वळवून बघायची. तिला कळलं होतं, पण म्हैस कुणाला सांगणार?

कसोटीचा दिवस आला. ऊन असं की पाखरू नाही उडत. देवळाचे खांबसुद्धा सावली पोटाशी धरून उभे. यसबा गुरव म्हातारा, डोळ्यांनी अधू. म्हणाला, "जा केरबा. आई हाय आत." दार लोटलं.

बाहेर टळटळीत दुपार आणि आत एकदम अंधार. गार. तेलाचा, फुलांचा वास. देवीचे चांदीचे डोळे तेवढे दिसताहेत. केरबानं उशी बाजूला ठेवली, मांडी घातली, हात छातीशी बांधले. बाहेर यसबाची घंटा सुरू झाली. केरबा उठायला गेला — अर्ध्यात आला — आणि गुडघ्यानं दगा दिला! तोल डाव्या अंगाला गेला. छातीशी बांधलेला उजवा हात सुटला आणि आडवा होऊन डावीकडं गेला, जमिनीवर टेकायला —

टेकला.

पण मंडळी, तिथं फरशी नव्हती.

हाताखाली खांदा होता.

माणसाचा खांदा! ऊबदार. वर कापड, कापडाची शिवण बोटांना लागली. कुणीतरी त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, खाली बसलेलं होतं. खांदा त्याच्या वजनानं जरासा खचला. आणि केरबा उभा राहिला!

त्यानं वळून बघितलं. काही नाही. नुसती फरशी. घंटा चालूच. पळून जावं तर दाराबाहेर गुरव. मग त्यानं समई उचलली, एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले. मिटले की तो खांदा पुन्हा तिथंच! कमरेच्या उंचीवर. जरा कललं की हात त्यावर. ज्योत हलली नाही. कुठंतरी, अगदी कानाशी, एक बांगडी किणकिणली. एकच.

दगडी गोळा मात्र त्यानं आपल्या हिमतीवर उचलला. हातात बळ होतंच. आणि मग उशी हातात घेऊन केरबा उंबऱ्याशी उभा राहिला. ठेवायची? की खांद्यावर घ्यायची?

आता माणसाचं मन कसं वकील असतं बघा! मन म्हणालं, अरे, फरशीला कुठं हात लागला तुझा? फरशीला लागला नाही! मग खांदा कुणाचा होता? गाभाऱ्यात दुसरं आहे कोण? आई आहे. म्हणजे आईनं स्वतः तुला खांदा दिला! बायकी खांदा होता, शिवण चोळीची होती, बांगडी वाजली. अजून काय पाहिजे? केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं हो! त्यानं साष्टांग घातला, उशी खांद्यावर ठेवली आणि बाहेर आला. हलगी वाजली. लोक म्हणाले, चांगभलं!

तो घरी आला तर सुंदरा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. सुपातले तांदूळ अंगणात सांडलेले. कोंबड्या टिपताहेत आणि ती त्यांना हाकलत नाहीये. "काय झालं गं?" "काय न्हाई. एकाएकी खांदा भरून आला. खाली बसले." "म्हातारी झालीस!" केरबा हसला आणि आत गेला.

मंडळी, तुम्हाला कळलं. त्या पुढच्या माउलीला तर मघाशीच कळलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. पण केरबाला कळलं नाही. का? कारण त्यानं विचारलं नाही. "काय झालं?" असं म्हणाला, पण तो प्रश्न होता का? घरात शिरताना चपला काढतो तसा काढलेला शब्द होता तो!

पुढं काय झालं — तो खांदा काही देवळात राहिला नाही. केरबाबरोबर आला. बांध उतरताना हात बाजूला केला की खांदा हजर. पोतं पाठीवर घेताना गुडघा लटपटला की खांदा हजर. पाटावरून जेवून उठताना, ओढा ओलांडताना, बैलगाडीतून उतरताना, हवेत हात टाकायचा आणि हात टेकायचा. पहिल्यांदा भीती वाटली. मग सवय झाली. मग गोडी लागली! पारावर लोकांना जमवून केरबा मांडी घालून बसायचा आणि हात जरासा बाजूला करून, बघा बघा म्हणत, सटकन उठायचा. टाळ्या! "पन्नाशीचा गडी, पण पोराला लाजवतो!" सिदू एकदा नुसतं म्हणाला, "केरबा, तुझा हात असा अधांतरी का ऱ्हातो रं?" केरबा भडकला. "तू झाडू सांभाळ!"

मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती. खांदा दिवसेंदिवस खाली जात होता. पहिल्या दिवशी ताठ होता, आता हाताला वाकलेला लागायचा. हाडूक बोटांना टोचायचं. आणि आताशा त्या खांद्याला धाप लागायची. रिकाम्या रानात, भर उन्हात, चिटपाखरू नाही, आणि केरबाच्या कानाशी कुणीतरी धापा टाकतंय! केरबा म्हणायचा, "आई, आता थोडंच राहिलंय. पालखी होऊ दे." आणि पुन्हा भार टाकायचा.

इकडं सुंदराला घागर कमरेला घेता येईना. ती अर्धी घागर आणायला लागली. वेणी घालायला हात वर जाईना. केरबा म्हणायचा, "बाजारातनं मलम आणतो." आणला का? नाही. राहून गेलं. ... असं राहून जातं ना? कुणाकुणाचं राहिलंय? बघा, मान वर करत नाही कुणी!

पालखीची सकाळ उजाडली. गावात हलगी सुरू. केरबा अंघोळ करून, धोतर नेसून, लाल उशी खांद्यावर टाकून आतल्या खोलीत आला. सुंदरा पाठमोरी बसून केसांना तेल लावत होती. एकाच हातानं. पदर घसरला होता, चोळीची बाही खांद्यावरून ढिली झाली होती. आणि त्या खांद्यावर —

पेटी थांबवा जरा.

— त्या खांद्यावर हात होता. हात म्हणजे हाताची खूण. काळीनिळी. पंजा अख्खा उमटलेला. अंगठा, चार बोटं. आणि मधलं बोट अर्धं.

केरबा पुढं सरकला. त्यानं हळूच, श्वास न घेता, आपला हात त्या खुणेवर धरला. टेकवला नाही, नुसता वर धरला. तंतोतंत!

सुंदरा वळली नाही. आरशात बघितलं नाही. तशीच पाठमोरी म्हणाली, "जुळलं का बोट?"

"तुला... तुला म्हाईत हुतं?"

"पयल्याच दिशी वळखलं. पस्तीस वरसं झाली लगनाला, तुमचा हात वळखू येणार न्हाई का मला?"

"मग बोलली का न्हाईस?"

तेव्हा ती वळली. मंडळी, ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं बोलला?"

बाहेरून हाक आली, "केरबाऽऽ! पालखी उचलायची!" आणि आता सांगा, केरबानं काय करायला पाहिजे होतं? उशी काढून खाली ठेवायला पाहिजे होती ना? तुम्ही ठेवली असती? खरं सांगा! अख्खं गाव उभं आहे, हलगी वाजतीय, वर्षभर दुसऱ्याला टोमणे मारलेत, पारावर टाळ्या घेतल्यात. केरबा सुंदराला म्हणाला, "आज मी टेकणार न्हाई. तुझ्या गळ्याची आण. हात टेकणारच न्हाई मी." आणि गेला! ती बिचारी आरतीचं ताट घेऊन बायकांमध्ये जाऊन उभी राहिली.

पालखी उचलली. देवी चांदीची, दांडा सागाचा, वर नवसाचे नारळ. देवळापासून कड्यापर्यंत सपाट मैदान, तेवढ्यातच केरबाचा गुडघा थरथरायला लागला. मागं विलास तालात चालतोय, केरबाकाकाच्या पावलावर पाऊल टाकतोय. त्याचा सगळा भरवसा पुढच्या पाठीवर! केरबाचा उजवा हात दांड्यावरून निसटायचा, डावीकडं जायचा. तो परत आणायचा. पुन्हा जायचा! आपलाच हात, पण ऐकेना. हळूहळू कड्याचं तोंड आलं. तिथं थांबायचं. शेवटची रीत राहिलेली असते. यसबा गुरव वाटेत आडवा उभा राहतो आणि एकेका खांदेकऱ्याला विचारतो — खांदा कुणाचा? खांदेकऱ्यानं म्हणायचं — माझा, आई! मग गुरव बाजूला होतो.

हलगी थांबली. वारासुद्धा थांबला. कड्याच्या पोटातून नुसती घूं घूं येत होती.

"मागचा खांदा कुणाचा?"

"माझा, आई!" विलासचा आवाज खणखणीत.

"पुढचा खांदा कुणाचा?"

केरबानं तोंड उघडलं. आणि नेमका त्याच क्षणी गुडघा गेला! पालखी कलली, देवीचा हार पुढं झुकला — आणि केरबाचा हात सुटला. टेकणार नाही अशी आण घेतली होती, तोच हात! सटकन डावीकडं गेला आणि टेकला. पालखीचं, देवीचं, केरबाचं, सगळं वजन घेऊन टेकला.

पालखी सावरली! लोक म्हणाले, वा रे गडी!

आणि तिकडं बायकांच्या घोळक्यात आरतीचं ताट खणकन पडलं.

केरबानं मान वळवली. सुंदरा गुडघ्यांवर आली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं, तिला कुणी हात लावला नव्हता, पण तिचा खांदा कुणीतरी दाबल्यासारखा खाली खाली चालला होता. जमिनीत जातेय की काय असं वाटावं! तोंडातून आवाज नाही. आणि ती त्याच्याकडं बघत होती. बघत होती आणि मान हलवत होती — होय म्हणत होती! टेका म्हणत होती! होऊ दे एवढी पालखी!

यसबानं पुन्हा विचारलं. त्याला काय दिसतंय? तो अधू. "पुढचा खांदा कुणाचा?"

एक शब्द म्हणायचा होता, मंडळी. "माझा." म्हटला असता तर वाट मोकळी होती. पलीकडच्या झऱ्यापर्यंत केरबा पोचलासुद्धा असता. मानानं पोचला असता! फक्त पुढच्या कातळाखाली उकिडवं होऊन उठताना, तुटक्या वाटेवर, शेवटच्या चढाला — इकडं एक बाई मातीत गेली असती.

केरबानं हात वर उचलला. सगळ्यांना दिसेल असा, अर्ध्या बोटासकट वर धरला. आणि ओरडला —

"न्हाई! खांदा माझा न्हाई, आई! हिचा हाय! त्या दिशी मी उठलो न्हाई, हिच्या जिवावर उठलो! घ्या रं... घ्या कुणीतरी... मला खांदा द्या!"

हात काढला तसा गुडघा बसायला लागला. पालखी आता भुईला लागणार! आणि पालखीच्या पुढं झाडू घेऊन उभा होता तो कोण? सिदू! त्यानं झाडू टाकला, पुढं झाला आणि केरबाच्या शेजारी दांड्याखाली खांदा लावला. सिदूचं वय झालेलं, तोही थरथरतोय. पण सपाट जमिनीवर दोघांनी मिळून दांडा धरला. मागच्या विलासचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण पोरगा जागचा हलला नाही. मग पालखीच्या राखणीला चाललेला एक तरुण गडी धावला आणि त्यानं पुढचा खांदा घेतला.

आता गाव काय म्हणेल? केरबा मान खाली घालून उभा. कुणी हसलं नाही. यसबा गुरव चाचपडत पुढं आला, केरबाच्या खांद्यावरची उशी काढली आणि म्हणाला, "पोरा, आई कुणाचा भार घेत न्हाई. घेतला असता तर तिला पालखी कशाला लागली असती? भार हितला हितंच ऱ्हातो. कुणाच्या अंगावर टाकला तेवढं बघायचं." आणि झाडू उचलून त्याच्या हातात दिला.

केरबा आधी सुंदराकडं गेला. तिला उठवलं. मग पालखीपुढं झाडत निघाला. पुढं आलेल्या कातळाखाली तो उकिडवा झाला, पलीकडं उठायला गेला आणि भीतभीत, डोळे घट्ट मिटून, हात खाली टेकला.

दगड!

गार, खरबरीत, नुसता दगड होता हाताखाली. केरबा तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. मग दोन्ही हात टेकत, रांगत, खडे झाडत झऱ्यापर्यंत गेला. पालखी सुखरूप मागं आली.

त्या संध्याकाळी ओसरीवर दोघं बसली होती. दिवेलागणीला सुंदरा उठायला गेली, तिला काही उठवेना. इकडं तिकडं बघायला लागली. केरबा जवळ सरकला आणि खांदा पुढं केला. म्हणाला, "टेक." ती लाजली. पन्नाशीच्या उंबऱ्यावरची बाई लाजली हो! "कुणी बघंल." "बघू दे." मग तिनं हात टेकला आणि उठली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा टेकला होता. तिच्या खांद्यावरची खूण पुढं पावसाळ्यापर्यंत फिकी होत गेली. अर्धं बोट मात्र शेवटपर्यंत राहिलं.

आणि कडजाईच्या गाभाऱ्यात, देवीच्या डाव्या हाताला, फरशीवर एक पंजा आहे. फरशी तिथं जराशी खचलीय. मधलं बोट अर्धं. मी कडवाडीला कीर्तनाला गेलो होतो तेव्हा गुरवानं दाखवला. मी म्हटलं, असेल, दगडाला पडतात असे खळगे. म्हणून हात लावून बघितला.

ऊबदार होता, मंडळी.

असो. मृदंग उचला. आख्यान संपलं, आता आरती. आरतीला उभं राहावं लागतं — अख्ख्या मंडपानं! पाटील, गुरुजी, माउल्यांनो, सगळ्यांनी. हात टेकून उठा, गुडघा टेकून उठा, बिनधास्त उठा! शेजाऱ्याला म्हणा, बाबा रे, जरा हात दे. मागून घेतलेला हात हलका असतो. पण न सांगता, न बघता, घरातल्या कुणावर आजवर टेकत आलात — आईवर, बायकोवर, धाकट्या भावावर — आज घरी गेल्यावर त्या माणसाचा खांदा एकदा दिव्याच्या उजेडात बघा.

आणि आता, उठायच्या आधी, हात खाली टेकाल तेव्हा क्षणभर थांबा. चाचपा.

सतरंजीच आहे ना हाताखाली?

बोला — चांगभलं!